बर्फात रुतलेली गाडी

अमेरिकेतल्या बफेलो शहरात पहिल्या हिवाळ्यात गाडी रुतली, तेव्हा मी सगळे करतात तेच केलं: अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाकं गरगरली, रबराचा वास सुटला आणि गाडी आणखी चार बोटं खाली बसली. घर्षणानं चाकाखालचा बर्फ वितळतो, लगेच पुन्हा गोठतो आणि काचेसारखा गुळगुळीत खळगा तयार होतो. तो आपणच आपल्या हातानं, म्हणजे पायानं, केलेला असतो. तेव्हा चाक एकदा जागच्या जागी फिरलं की पाय उचला, इंजिन बंद करा आणि खाली उतरा.

आधी मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. इथे शेजारच्या ईरी सरोवराच्या उबदार पाण्यावरून थंड वारा वाहतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एका वादळात सहा फुटांहून जास्त पडला होता. अशा बर्फात सायलेन्सर बुजायला वेळ लागत नाही, आणि मग हीटर लावून आत बसलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइड चढतो. त्याला वास नसतो.

आता फावडं. चारही चाकांच्या पुढचा-मागचा बर्फ काढा. बहुतेक गाड्यांना पुढची चाकं ओढतात, त्यामुळे तिथे कंजूषपणा नको. पण खरं काम गाडीच्या पोटाखाली असतं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. पोट बर्फावर टेकलं की चाकांवर भारच येत नाही. ती नुसती लोंबकळतात. गुडघ्यांवर बसून खाली बघा, हात पोचत नसेल तर काच झाडायच्या लांब ब्रशच्या दांड्यानं बर्फ ओढून काढा. घरासमोर रस्ता साफ करणारा ट्रक जी भिंत उभी करून जातो, तिचा बर्फ ओल्या वाळूसारखा जड असतो. अर्धंच फावडं भरा, मध्ये थांबा. कडाक्याच्या थंडीत हृदयावर ताण येतो, हे तिशीतल्यांनीही लक्षात ठेवावं.

स्टीअरिंग सरळ करा. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर चाक जरा घसरलं की तो इंजिनाचा जोर कापतो. चाकांपुढे वाळू टाका, किंवा मांजराच्या पेटीत घालतात ती माती. मात्र गोळे होणारी नको, तिचा चिखल होतो. उणे १० सेल्सिअसच्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग नाही. काहीच नसेल तर गाडीतली पायपुसणी उलटी करून चाकाखाली सारा. कोकणात चिखलात रुतलेल्या जीपखाली गोणपाट घालतात, तोच हा प्रकार. फक्त पायपुसणी चाकाखालून बाणासारखी उडतात, तेव्हा त्या रेषेत कोणाला उभं करू नका.

मग झोका. ज्या वाटेनं आलात तिकडेच, आपल्याच चाकोरीत, आधी रिव्हर्स. अगदी हलका पाय. गाडी जाईल तितकी जाऊ द्या, थांबली की ब्रेक, मग पुढचा गिअर, पुन्हा हलका पाय. झोपाळ्याला वेळेवर हात लावतो तसं. चाक फिरत असताना गिअर बदलू नका. पाच-सहा झोक्यांत गाडी वीतभरही सरकली नाही, तर हट्ट सोडून पुन्हा फावडं घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो आणि त्याचं बिल बर्फापेक्षा जड असतं.

शेजारी धक्का द्यायला येतातच, इथे ती रीत आहे. त्यांना गाडीच्या कोपऱ्याशी उभं करा, मधोमध नाही, आणि आकडे मोजून एकदम जोर लावा. माझ्या ‘हैशा’वर आमचे शेजारी आता बरोबर ढकलतात.

गाडी सुटली की आभार मानायला थांबू नका. साफ रस्ता लागेपर्यंत चालवत राहा. फावडं आणि पायपुसणी आणायला मग चालत परत या. माझं एक पायपुसणं मार्चअखेर सापडलं, शेजाऱ्यांच्या कुंपणापाशी.