झोपायच्या खोलीचा गिलावा आणि पत्र्याखालचं छत : खर्चाचा अंदाज आधी कागदावर



आज फवारणीचा मेसेज नाही. हरभऱ्याचे पैसे हातात आले की घराची कामं निघतात, आणि या आठवड्यात भिंतीच्या ओलीबद्दल आणि पत्र्याच्या उकाड्याबद्दल बरीच विचारणा झाली. मी काही बांधकामाचा माणूस नाही, पण ओल, क्षार आणि खर्चाचा हिशोब हे तर आपलेच विषय आहेत. मेसेज मोठा आहे, सेव्ह करून ठेवा.

*आधी ओल कुठून येते ते शोधा.* पोपडे निघाले, लोणा लागला की आपण सरळ मिस्त्रीला बोलावतो. तो वरून सिमेंट मारून देतो आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. क्षारपड रानात काय होतं आठवा. खालचं पाणी केशाकर्षणाने वर चढतं, वर येऊन उडून जातं आणि क्षाराचा पांढरा थर मागे राहतो. भिंतीतही अगदी हेच होतं. म्हणून पैसे खर्चायच्या आधी भिंतीच्या बाहेरून एक चक्कर मारा. न्हाणीचं पाणी पायाला मुरतं का? मातीचा भराव जोत्याच्या वर आलाय का? पत्र्याची पागोळी भिंतीलगतच पडते का? पलीकडच्या बाजूला टाकी किंवा गोठ्याची मुतारी आहे का? यातलं बरंचसं फावडं घेऊन एका दिवसात फुकट दुरुस्त होतं.

शंका असेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला धरलं तर खोलीतली हवा कोंडते, तिथे खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय.

अजून एक. युरिया, पोटॅशच्या गोण्या झोपायच्या खोलीत भिंतीला लावून ठेवू नका. खत हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचे क्षार गिलाव्यात उतरतात. औषधांच्या बाटल्या तर त्या खोलीत नकोतच, हे दर हंगामात सांगतोच आहे.

*आता मोजमाप.* समजा खोली १० × १२ फूट, उंची १० फूट. चारी भिंती मिळून ४४ × १० = ४४० चौरस फूट. दार ३ × ७ आणि खिडकी ४ × ४ वजा केली की ४०३ उरतात. पण सगळं पाडायची गरज आहे का? ओल दोनच भिंतींना, तीन फुटांपर्यंत दिसत असेल तर दिसणाऱ्या ओलीच्या वर एक फूट जास्त धरून चार फुटांपर्यंत काढा. २२ × ४ = ८८, म्हणजे धरा १०० चौरस फूट. चौथ्या हिश्श्यात काम होतं.

१२ मिलिमीटर जाडीच्या १:४ गिलाव्याला १०० चौरस फुटांस साधारण एक ते सव्वा गोणी सिमेंट आणि साडेपाच घनफूट वाळू लागते. जुनी भिंत सरळ नसते, जाडी २० मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणून दोन गोण्या आणि १० घनफूट वाळू धरा. म्हणजे ब्रासचा दहावा हिस्सा! एवढ्यासाठी अख्खा ब्रास उतरवून घेऊ नका, शेजारी कुणाचं बांधकाम चालू असेल तर तिथून घ्या.

खालचे भाव फक्त हिशोब समजावा म्हणून धरलेत, तुमच्या गावचे टाका :

सिमेंट २ × ३८० = ७६०
वाळू १० × ७० = ७००
मिस्त्री २ रोज × ९०० = १,८००
मजूर ३ रोज × ६०० = १,८००
राडारोडा उचलणं ५००
चुना/रंग १,०००
*भिंतीचं एकूण ६,५६०*

मजूर तीन रोज, कारण पहिला दिवस फक्त खरवडण्यात जातो. विटांच्या सांधी अर्धा इंच खोल उकरून, तारेच्या ब्रशने क्षार झाडून घ्यायला लावा. गुत्तं दिलं तर नेमकं हेच काम गाळलं जातं. त्यामुळे एवढ्या छोट्या कामाला मला रोजंदारीच बरी वाटते. निघालेला गिलावा उकिरड्यावर टाकू नका, तो क्षार शेणखतातून रानात जाईल. वाटेच्या खड्ड्यात भरा.

तराईला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. तुमच्याकडे मे महिन्यात टँकर येत असेल तर काम एप्रिलच्या सुरुवातीलाच उरका. पाण्याचा खर्च अंदाजात कुणीच धरत नाही. तेलाचा रंग किंवा पुट्टी महिनाभर तरी नको, चुना चालतो.

दगड-मातीची जुनी भिंत असेल तर तिला सिमेंटचा गिलावा करूच नका. आतली ओल कोंडते आणि माती सुटते. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करा.

*पत्र्याचा उकाडा.* मेमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून उष्णता भिंतीपेक्षा पत्र्यातून जास्त उतरते. जुन्या माळवदाखाली गार वाटायचं ते वरच्या मातीच्या जाड थरामुळे. पैसे थोडे असतील तर पहिला खर्च पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा करा. १,५०० धरा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पत्र्याखाली चकचकीत फोमशीट आणि तिच्याखाली पीव्हीसी पट्ट्यांचं छत. चकचकीत बाजू खाली ठेवा आणि तिच्यापुढे निदान इंचभर पोकळी सोडा. बाजू वर केली तर धूळ बसून उपयोग कमी होतो. उतार आणि कटिंग धरून शीट १३५ चौरस फूट × १५ = २,०२५. छत सांगाड्यासह बसवून १२० × ९० = १०,८००. वायरिंग पाइपातून घ्यायला १,५००. कडेच्या फटी जाळीने बंद करा, नाहीतर वर उंदरांचा संसार.

थर्माकोल स्वस्त पडतो, पण लवकर पेट घेतो आणि काळा विषारी धूर करतो. खोलीत चूल, शेगडी किंवा उघडे वायरचे जोड असतील तर अजिबात नको. आणि छप्पर जुन्या सिमेंट पत्र्याचं असेल तर ते कोरडं घासू नका, भोकं पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुफ्फुसात जाते, साध्या रुमालाने अडत नाही.

पांढरा रंग सोडून बाकी सगळं एकदम केलं तर ६,५६० + २,०२५ + १०,८०० + १,५०० = २०,८८५. वर १५ टक्के अडीअडचणीचे धरून साधारण २४,०००. यंदा फक्त भिंत आणि पांढरा रंग केला तर ८,०६०, अडीअडचणीसह ९,३००.

आता खरीपाचं बियाणं, खत, पेरणीचा ट्रॅक्टर आणि मजुरी वहीत लिहा. ते बाजूला काढून जे उरेल तेवढंच घराला. २४ हजार उरत नसतील तर ९,३०० चं काम यंदा करा, छत सोयाबीन विकल्यावर. पीक कर्जाचे पैसे यात घालू नका, जूनमध्ये खतासाठी सावकाराचं दार बघावं लागेल. मात्र घरात म्हातारी माणसं किंवा लहान बाळ दुपारी त्याच पत्र्याखाली झोपत असेल तर पांढरा रंग पुढे ढकलू नका. भिंत थांबली तरी चालेल.

खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि ओलीचा फोटो ग्रुपवर टाका, सामानाचा आकडा काढून देतो. पुढचा मेसेज सोमवारी : घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी. १०० दाणे आणि एक गोणपाट तयार ठेवा.