गाडी रेस केल्यावर गचके देते? आधी तपासा, मग पार्ट बदला


आजचा सल्ला पिकावर नाही, माल वाहणाऱ्या गाडीवर आहे. मुकुंदवाडी, चिकलठाणा भागातून पहाटे जाधववाडीला भाजीपाला घेऊन जाणाऱ्या सभासदांनी हा मेसेज शेवटपर्यंत वाचावा आणि गाडी चालवणाऱ्या पोराला पण वाचून दाखवावा.

तक्रार नेहमीची आहे. रिकामी गाडी बरी पळते, माल भरून ॲक्सिलरेटर दाबला की गचके देते, उचल घेत नाही. यात दोन धोके. लिलावाची वेळ चुकली की मेथी-कोथिंबिरीचा भाव पडतो, हा पहिला. दुसरा त्याहून मोठा: जालना रोड ओलांडताना किंवा चौका घाट चढताना गाडीने ऐन वेळी दम सोडला, तर मागून येणारी ट्रक थांबेलच असं नाही. म्हणून "चालतंय तोवर चालवू" म्हणू नका.

*१) गचका कधी बसतो, ते आधी लिहून ठेवा*
▪️ जागेवरून निघताना पहिल्या गिअरलाच पूर्ण गाडी थरथरते: क्लच प्लेट किंवा इंजिन माउंटिंग बघा.
▪️ निघताना खालून कट-कट आवाज येतो: प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा.
▪️ इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढं सरकत नाही: क्लच घसरतोय.
▪️ चढाला, लोडवर, ॲक्सिलरेटर जास्त दाबल्यावरच गचके: इंजिनला डिझेल किंवा हवा पुरेशी मिळत नाही. सगळ्यात जास्त गाड्या यातच सापडतात.

*२) डिझेल पिकअप असेल तर या क्रमाने बघा*

👉 *फिल्टरमधलं पाणी.* पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतला ओलावा रात्रीच्या गारव्यात पत्र्यावर जमतो. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल पिकअपमध्ये ओतलं, तर पाणी आणि गंज दोन्ही आत जातात. पाणी असं काढा: इंजिन बंद आणि गार असू द्या. फिल्टरखाली काचेची बाटली धरून खालचा ड्रेन स्क्रू ढिला करा. आधी पाणी येईल, मग स्वच्छ डिझेल. स्वच्छ आलं की स्क्रू आवळा आणि हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, म्हणजे लाइनमधली हवा निघेल. खाली सेन्सरची वायर असेल तर ती ओढू नका. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला असेल तर हे काम त्याच दिवशी करा.

👉 *डिझेल फिल्टर.* किलोमीटर भरले असतील तर बदला. हा स्वस्त पार्ट आहे. तो तुंबलेला असताना कुणी थेट इंजेक्टर बदलायला सांगत असेल तर थांबा.

👉 *टाकीचं झाकण.* गचके सुरू झाले की गाडी बाजूला घेऊन झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि नंतर थोडा वेळ गाडी नीट चालली, तर टाकीत हवा जायची वाट बंद झालीय.

👉 *एअर फिल्टर.* मका, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत शिवारातली धूळ भरते. लोडवर काळा धूर निघत असेल तर आधी हाच बघा.

👉 *टर्बोचा पाइप.* काळा धूर, दम नाही आणि रेस करताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो, तर रबरी पाइप चिरलाय किंवा क्लिप सुटलीय.

⚠️ कॉमन रेल इंजिनचा इंजेक्टरकडे जाणारा लोखंडी पाइप इंजिन चालू असताना *कधीच* ढिला करू नका. आतला दाब १,००० बारच्या वर जातो. ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

*३) पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर*
सीएनजी गाडीला सोपी परीक्षा आहे. गचके बसताना पेट्रोलवर टाका. गचके थांबले तर दोष गॅसच्या बाजूला, म्हणजे गॅस फिल्टर किंवा रेग्युलेटरमध्ये. ते काम अधिकृत ठिकाणीच करा, घरी खोलू नका. दोन्हीवर गचके बसत असतील तर स्पार्क प्लग, कॉइल, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी हे बघा.
इंजिनवर प्रेशरने पाणी मारून धुतल्यावर त्रास सुरू झाला असेल, तर कॉइलच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल. कांदा चाळीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदराने वायर कुरतडलीय का, तेही बघा.
इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि तो पार्ट महाग आहे.

*४) एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या*
यात सेन्सर जास्त. वरचं सगळं बघूनही फरक नाही पडला तर स्कॅनर लावायला सांगा. पण एक ध्यानात ठेवा, कोड हा फक्त पत्ता आहे, निकाल नाही. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. ढिलं कनेक्टर, तुटकी वायर, खराब अर्थिंग असलं तरी तोच कोड येतो.
ज्या गाडीला डीईएफची टाकी आहे, तिच्यात *शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकू नका*. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. खताचा युरिया टाकला तर सिस्टिम जाम होते.

*५) गॅरेजला जाताना*
✅ गचका कधी, कोणत्या गिअरला, लोडवर की रिकामी, धुराचा रंग कोणता, शेवटचं डिझेल कुठं भरलं, हे सगळं सांगा.
✅ मेकॅनिकला शेजारी बसवून, माल भरलेला असतानाच चक्कर मारा.
✅ एका वेळी एकच पार्ट बदला. तीन एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पैसे तिन्हीचे जातात.
✅ काढलेला जुना पार्ट आणि पक्कं बिल मागून घ्या.
✅ वॉरंटी चालू असेल तर बाहेर काही खोलू नका.
✅ तेल भरल्यावर लगेच त्रास सुरू झाला तर पंपाची पावती जपा आणि बाटलीत नमुना ठेवा. पेट्रोलची फिल्टर पेपर चाचणी मागणं हा तुमचा हक्क आहे.

आज संध्याकाळी एवढं करा: एअर फिल्टर उघडून बघा, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. त्रास तरीही राहिला तर उद्याचा माल शेजारच्या सभासदाच्या गाडीत चढवा आणि आपली गाडी गॅरेजला लावा. भरल्या गाडीने रस्त्यात परीक्षा घेऊ नका.

काही अडलं तर याच नंबरवर गाडीचं मॉडेल सांगून आवाजी मेसेज टाका. मेसेज गटातल्या सगळ्यांना पुढं पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मुकुंदवाडी