विंग मास्ट : न मिटणारा पंख

शिडाच्या होडीची डोलकाठी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गोल, उभा वासा येतो. शीड बांधायला काहीतरी हवं म्हणून तो असतो, एवढीच आपली समजूत. पण वारा शिडाच्या आधी त्या वाशावर आपटतो, मागे भोवरे तयार होतात आणि शिडाचा पुढचा, सगळ्यात कामाचा भाग त्या भोवऱ्यांत सापडतो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण गोल सिलिंडरचा ड्रॅग कोएफिशंट साधारण १.२ धरतो. तेवढ्याच जाडीचा, पण माशासारखा निमुळता आकार घेतला तर हाच आकडा दहा पटींहूनही खाली येतो. मग डोलकाठीच पंखाच्या आकाराची का करू नये? अशा डोलकाठीला विंग मास्ट म्हणतात.

ती मुख्यतः मल्टिहल होड्यांवर, म्हणजे कॅटॅमरान आणि ट्रायमरानवर दिसते. हे कूळ आपल्याला परकं नाही. कोकणातली उलांडीची होडी त्यातलीच, आणि कॅटॅमरान हा शब्द तर तमिळ 'कट्टुमरम्' म्हणजे 'बांधलेली लाकडं' यावरून आला. या होड्या वेगाने जातात, त्यामुळे डोलकाठीचा ड्रॅग त्यांना जास्त जाणवतो.

अट एकच : फिरता आलं पाहिजे

पंख वाऱ्याशी ठराविक कोन करूनच काम करतो. होडी कधी डावीकडून वारा घेते, कधी उजवीकडून. म्हणून ही डोलकाठी स्वतःभोवती फिरली पाहिजे. सगळं रिगिंग या एका अटीतून ठरतं.

खाली डोलकाठी वाटीतल्या गोळ्यावर उभी राहते, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. वर पुढची तार आणि दोन बाजूंच्या तारा डोलकाठीच्या पुढच्या कडेवर एकाच बिंदूत येतात. त्या वेगवेगळ्या जागी बांधल्या तर फिरवताना एक ताणली जाईल, दुसरी सैल पडेल आणि काठी अडेल. मागच्या बाजूला तार घेत नाहीत. बाजूच्या ताराच थोड्या मागे नेऊन बांधतात. कोन ठरवायला बुडाशी एक आडवा दांडा आणि दोन दोऱ्या असतात. वाऱ्याआडच्या बाजूने डोलकाठी आणि शीड यांचा मिळून एकच गुळगुळीत बाक दिसला, की कोन बरोबर जमला असं समजावं.

तारेवर भार किती?

हे गणित मला फार आवडलं, कारण ते मेकॅनिक्सच्या पहिल्या धड्यातलं आहे. समजा १००० किलोची कॅटॅमरान आहे आणि दोन हलच्या मध्यरेषांत ५ मीटर अंतर आहे. वाऱ्याकडचा हल पाण्यातून नुकताच सुटतो तेव्हा होडीला सरळ ठेवणारा मोमेंट १००० × २.५ = २५०० किलो-मीटर असतो. डोलकाठी बुडाशी गोळ्यावर असल्याने तिथे मोमेंट घेता येत नाही. तो सगळा वाऱ्याकडच्या तारेने घ्यायचा, आणि तीही मध्यापासून २.५ मीटरवर आहे. म्हणजे तारेचा उभा घटक पुन्हा १००० किलो! ती एक तार जवळजवळ अख्खी होडी उचलून धरते. तार ९ मीटर उंचीवर बांधली असेल तर तिरकेपणामुळे ताण साधारण १०४० किलो होतो. तेवढाच दाब डोलकाठीवर खाली येतो, आणि पुढच्या तारेचा, शिडाच्या दोरांचा भार वेगळा. एकाच हलची होडी झोताबरोबर कलून थोडा वारा सोडून देते. रुंद होडी कलत नाही, म्हणून तारांना झटका पूर्ण सोसावा लागतो.

बांधणी

दाब आला की ऑयलरचं बकलिंग आलंच. ४०० मिलिमीटर रुंद आणि १४० मिलिमीटर जाड लंबवर्तुळ भरीव धरलं तर रुंदीच्या दिशेला ते जाडीच्या दिशेपेक्षा सुमारे आठपट ताठ असतं. पोकळ असेल तर फरक थोडा कमी. गंमत अशी, की काठी फिरली की तिची अशक्त बाजूही फिरते. म्हणून आधाराच्या तारा आडव्या दांड्यांवरून ताणून काठीलाच बांधतात, म्हणजे त्या तिच्याबरोबर फिरतात. डायमंड तारा म्हणतात त्या याच.

घरगुती बांधणीत सीडरच्या पट्ट्या अर्ध्या साच्यात चिकटवून त्यावर इपॉक्सीने ग्लास किंवा कार्बनचे लांबीच्या दिशेचे धागे बसवतात. दोन अर्धे जोडण्याआधी आतली उभी पडदी, बुडाचा आणि तारांच्या जागेचा भरीव ठोकळा बसवायचा. नंतर हात आत जात नाही. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, नाहीतर खारं पाणी ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. मध्ये ग्लासचा थर हवा. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वरून पांढरा रंग. अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी लाकूड-इपॉक्सीच्या याच विद्येतून होड्या बांधल्या आणि पुढे पवनचक्क्यांची पातीही केली.

काठी हवाबंद ठेवली तर आणखी एक फायदा. १२ मीटरच्या अशा काठीचं आकारमान साधारण अर्धा घनमीटर, म्हणजे सुमारे ४५० ते ५०० किलोची तरंगशक्ती. होडी आडवी झालीच, तर काठी तिला पूर्ण उलटू देत नाही.

मिटता येत नाही, हीच खरी अडचण

वारा वाढला की शीड लहान करता येतं, उतरवता येतं. विंग मास्ट उतरवता येत नाही. १२ × ०.४ म्हणजे ४.८ चौरस मीटरचं शीड तुम्ही कायमचं उभं केलेलं असतं. वारा सेकंदाला २० मीटर झाला तर दाब ०.५ × १.२ × २०² = २४० पास्कल. लिफ्ट कोएफिशंट १ धरला तरी बल सुमारे ११५० न्यूटन, म्हणजे ११७ किलो, आणि ते ६ मीटर उंचीवर. एकही शीड वर नसताना! नांगरावर होडी डोलते, प्रत्येक डोलण्यात वाऱ्याचा कोन बदलतो आणि होडी आपोआप इकडेतिकडे चालू लागते. नांगराच्या दोराला रात्रभर हिसके बसतात.

शर्यतीत हा धोका पत्करतात. १९८८ मध्ये 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या कॅटॅमरानने आणि २०१० मध्ये व्हॅलेन्सियाला 'यूएसए १७' या ट्रायमरानने अख्खं मुख्य शीडच ताठ पंखाचं करून अमेरिकाज् कप जिंकला. २०१० चा पंख सुमारे ६८ मीटर उंच होता. पण त्यांच्यामागे किनाऱ्यावर मोठा ताफा होता. दोघाचौघांनी समुद्रावर जायचं असेल तर तसा ताफा नसतो.

म्हणून माझ्या मते पंखाची रुंदी सगळ्यात चांगल्या वाऱ्याचा वेग बघून ठरवू नये. सगळ्यात वाईट रात्री, शीड उतरवल्यावर, होडी किती बल सोसेल ते आधी काढावं आणि मग मागे येत रुंदी ठरवावी. वर्कशॉपमध्ये एक काठी, एक गोळी, एक वाटी आणि तीन दोरे घेऊन फिरणाऱ्या डोलकाठीचं मॉडेल तासाभरात होतं. करून बघा आणि टेबल फॅनसमोर धरा. शीड नसलेली काठीसुद्धा हाताला ओढते, हे आकड्यांपेक्षा लवकर पटेल.