घराचा ठेका: पहिला रुपया देण्याआधी काय लिहून घ्यावे



प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) किंवा शबरी घरकुल योजनेतून मंजुरी मिळाली की पाड्यावर आनंद होतो, आणि दोनच दिवसांत ठेका मागणारा दारात उभा राहतो. "काळजी नको दादा, चावीच हातात देतो," असे तो म्हणतो. तोंडी ठरते, पैसे जातात आणि पावसाळा आला तरी भिंती उघड्याच असतात.

केंद्राच्या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. ते लाभार्थ्याच्या खात्यात हप्त्याहप्त्याने येतात. ठरलेल्या टप्प्याचे काम दिसले, त्याचा फोटो चढला, की पुढचा हप्ता सुटतो. मग काम अडले तर पैसाही अडतो. या योजनेत शासन ठेकेदार नेमत नाही. गवंडी आपण निवडतो, म्हणून करारही आपणच करायचा.

करारात काय असावे?

१. नावे व जागा. दोघांची पूर्ण नावे, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि घराची जागा.

२. ठेका कशाचा? फक्त मजुरीचा की साहित्यासह? साहित्यासह असेल तर सिमेंटच्या गोण्या, वाळू व खडी किती ब्रास, विटा किती, सळई किती मिलिमीटरची, पत्रा की स्लॅब हे लिहावे. "चांगला माल" एवढे लिहून भागत नाही.

३. मोजमाप. घरकुल किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असते. दर फुटावर ठरला तर माप भिंतीच्या आतून, बाहेरून की स्लॅबचे, हे स्पष्ट करावे. भांडण इथेच सुरू होते.

४. कामांची यादी. दारे, खिडक्या, गिलावा, कोबा, ओटा, शौचालय. यादीत नसलेले काम "जादा" ठरते. जादा कामाचा दर आधी लिहूनच ते सुरू करावे.

५. पैसे कामाच्या मागून. समजा मजुरीचा ठेका ६० हजारांचा आहे. जोते झाल्यावर १२ हजार, लिंटेलपर्यंत १५ हजार, छत झाल्यावर १८ हजार, गिलावा व कोबा झाल्यावर ९ हजार. उरलेले ६ हजार पहिल्या मोठ्या पावसात छत गळत नाही हे पाहिल्यावर द्यावेत. दर वेळी सही व तारीख घ्यावी.

६. मुदत. सुरुवातीची व शेवटची तारीख लिहावी. काम मिरगाआधी छतापर्यंत जाईल असे पाहावे.

७. पाणी मारणे. बांधकामाला व स्लॅबला पाणी कोण मारणार आणि किती दिवस? हे राहिले तर महाग सिमेंटही कच्चे राहते.

८. अपघात व काम सोडणे. मजुराला इजा झाली तर खर्च कोणाचा? ठेकेदार मध्येच गेला तर पंचायत समितीच्या घरकुल अभियंत्याला दाखवून झालेल्या कामाचे मोजमाप करावे व तेवढेच पैसे द्यावेत.

सही कशी करावी?

करार स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदारांसमोर करावा. मराठी नीट समजत नसेल तर पावरी, भिली, कोरकू, जी आपली बोली असेल तिच्यात वाचून घ्यावा आणि मगच सही किंवा अंगठा द्यावा. एक प्रत आपल्याकडे ठेवावी. घराच्या बाईने वाचन ऐकावे; रोज कामावर लक्ष बहुधा तिचेच असते.

पासबुक, एटीएम कार्ड किंवा सही केलेली कोरी पैसे काढण्याची स्लिप ठेकेदाराला कधीही देऊ नये. त्याच्या सांगण्यावरून अंगठ्याच्या मशीनवर बोटही ठेवू नये. एवढे एक चुकले तर वरचे आठही मुद्दे कागदावरच राहतात.

तोंडी करारही कायद्यात करारच असतो, पण तो सिद्ध करणे अवघड असते. लिहिलेला कागद प्रामाणिक गवंड्यालाही उपयोगी पडतो, कारण त्याचीही मजुरी बुडत नाही.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या पाड्यावर अर्धवट राहिलेली घरे किती? त्यांचे पैसे कोणत्या टप्प्यावर संपले?
२. आपल्यापैकी करार वाचून दाखवायला कोण पुढे येईल?
३. शेवटचे पैसे रोखून ठेवायला आपण का कचरतो?