बॅटरी ठणठणीत, पंपिंग बत्तीस

पेसमेकर बसवून घरी निघालो, त्या दिवशी मी डॉक्टरांना चार प्रश्न विचारले. मोबाईल कुठल्या खिशात ठेवू, मायक्रोवेव्हजवळ उभं राहिलं तर चालेल का, एसटीच्या गर्दीत छातीला धक्का लागला तर काय, आणि बॅटरी किती वर्षं टिकेल. तीस वर्षं वीज मंडळात लाईनमन म्हणून खांब चढलेला माणूस मी. तार कुठे जोडली, हा पहिला प्रश्न मला सुचायला हवा होता. नाही सुचला.

माझा आजार 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक'. नातेवाईक अजून विचारतात, मग अँजिओप्लास्टी का नाही केली? हा ब्लॉक रक्तवाहिनीतला नव्हे, वायरिंगमधला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता. नाडी ३४ वर आली, भाजी घेता घेता मंडईतच कोसळलो. पेसमेकरने जीव वाचवला, हे आधी लिहून ठेवतो.

दुसरं वर्ष सरता सरता संध्याकाळी पायावर वहाणेच्या पट्ट्याचा वळ उमटून राहायला लागला. जिना अर्धा चढला की कठड्याला धरून उभा राहायचो. मग रात्री एका उशीच्या दोन झाल्या. बायको म्हणाली, "अहो, वय झालं आता." मलाही ते पटलं, कारण ते पटवून घेणं सोपं होतं.

तपासणी चुकवली असंही नाही. दर सहा महिन्यांनी जायचो. तंत्रज्ञ पेसमेकरवर ते चपटं यंत्र ठेवायचा, कागदाची पट्टी बाहेर यायची आणि तो म्हणायचा, "काका, बॅटरी ठणठणीत!" मी पट्टीची घडी घालून फायलीत ठेवायचो. यंत्र तपासलं जात होतं, हृदय नाही. तीन वर्षांत एकदाही इको झाला नाही. कुणी सांगितला नाही आणि मीही मागितला नाही.

शेवटी मुलीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन इको करवला. पंपिंग ३२ टक्के. पेसमेकर बसवताना ते ६० होतं. (६० म्हणजे शंभरात चाळीस कमी, असं समजून घाबरू नका. निरोगी हृदयाचंही साधारण ५५ ते ७० असतं.) डॉक्टरांनी जुन्या पट्ट्या मागवल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं : 'व्हीपी ९९%'. म्हणजे खालच्या कप्प्यांचे शंभरातले नव्याण्णव ठोके पेसमेकर देत होता, तेही उजव्या खालच्या कप्प्याच्या अगदी टोकाला टोचलेल्या तारेतून.

ते त्यांनी चित्र काढून समजावलं, पण मला ते माझ्या भाषेतच कळलं. हृदयाची स्वतःची लाईन आहे. मधून एक जाड तार उतरते, तिला डाव्या-उजव्या फांद्या फुटतात आणि दोन्ही बाजूंना एकदमच करंट पोचतो. माझ्या तारेने ही लाईन सोडून शेवटच्या खांबावरून उलटा पुरवठा सुरू केला होता. करंट स्नायूतून स्नायूत रेंगाळत जायचा. मधला पडदा आधी आकसायचा, डाव्या कप्प्याची पलीकडची भिंत मागाहून. दोघांनी मिळून ओढायचा दोर एकाने आधी ओढला आणि दुसऱ्याने मग, तर ओझं हलतं, पण दमछाक दुप्पट होते. अशी तीन वर्षं, मिनिटाला सत्तर वेळा.

सगळ्यांचंच असं होत नाही. टोकावरून सतत पेसिंग होणाऱ्यांत साधारण दहातल्या एका-दोघांचं पंपिंग घसरतं. पण ही गोष्ट काही काल कळलेली नाही. हाँगकाँगच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंपिंग चांगलं असलेले १७७ रुग्ण होते. वर्षभराने टोकावरून पेसिंग झालेल्यांचं सरासरी पंपिंग ५४.८ होतं, दोन्ही खालच्या कप्प्यांतून पेसिंग झालेल्यांचं ६२.२. टोक सोडून पडद्यावर जरा वर तार बसवूनही पाहिलं गेलं. त्याचा ठाम फायदा दिसला नाही. मग मूळ लाईनच का पकडू नये? २००० साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात डॉ. प्रमोद देशमुख यांनी हिज बंडल या मुख्य तारेवरच कायमचं पेसिंग करून दाखवलं. आडनाव वाचून मला उगीचच बरं वाटलं. ती जागा मात्र बारीक. काहींना पुढे जास्त करंट लागतो आणि बॅटरी लवकर संपते. २०१७ साली चीनमधल्या डॉक्टरांनी पडद्यातून आत शिरून डावी फांदी गाठली. माझी नवी तार तिथेच बसली आहे.

ऑपरेशन दुसऱ्यांदा करावं लागलं, आणि जुनी जागा पुन्हा उघडली की जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. म्हणून सांगतो, हे पहिल्याच वेळी विचारा. माझ्या खालच्या कप्प्याला पेसिंग किती लागेल? बरंच लागणार असेल तर तार कुठे बसवणार, का? ज्यांचा बिघाड फक्त वरच्या कप्प्यातल्या, इशारा देणाऱ्या केंद्रात आहे, त्यांचा खालचा कप्पा बहुधा स्वतःच चालतो. त्यांनी महागड्या तारेचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. आधीच बसवला असेल तर पट्टीवरचा व्हीपीचा आकडा वाचा. तो चाळीसच्या वर असेल तर इको कधी करायचा, हे स्वतःहून विचारा. धाप, सूज, रात्रीचा खोकला वयाच्या खात्यावर घालू नका. आणि घाबरून औषधं किंवा तपासण्या बंद करू नका. माझ्यासारख्याचा पेसमेकर बंद पडला तर पुढचा ठोका पडेलच असं नाही.

सहा महिन्यांनी माझं पंपिंग ४८ झालं. एक उशी परत कपाटात गेली.

परवा तपासणीच्या रांगेत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काका, मोबाईल कुठल्या खिशात ठेवता?" मी म्हटलं, आधी तुमची पट्टी दाखवा. चष्मा लावून ओळ शोधली. व्हीपी ४ टक्के.

"उजव्या खिशात ठेवा," मी सांगितलं.