पाचव्या टप्प्याला होणारा बिघाड

चार टप्प्यांच्या रेसिपीत पाचवा टप्पा घातला की बिघाड. पाचांच्या रेसिपीत सहावा घातला तर सगळं सुरळीत. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला घोडबंदर रोड मिळतो त्या काशीमीरा परिसरातल्या एका औद्योगिक गाळ्यात क्रीम तापवून ढवळायची केटल आहे, तिच्या कंट्रोल प्रोग्रामची ही गोष्ट. ऑपरेटर म्हणायचा, "साहेब, ऐंशी टाकलंय, पण ती घेतच नाही." साहजिकच पहिला संशय सेन्सरवर गेला. सेन्सर बदलला, वायरिंग तपासली, तरी तक्रार तशीच राहिली, तेव्हा मला बोलावलं.

मूळ प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये होता आणि रेसिपी बदलायला आत लुआ ही स्क्रिप्टची भाषा बसवलेली. निवड चांगलीच होती. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या पीयूसी विद्यापीठात लुआ तयार झाली ती पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामांतून, आणि तिच्या आधीच्या दोन्ही छोट्या भाषा मुळात माहिती मांडण्यासाठीच होत्या. दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहून काम करावं, हा तिचा स्वभावच आहे. अडचण होती ती रेसिपीच्या रचनेत. रेसिपीत टप्प्यांची यादी, प्रत्येक टप्प्यात सेटिंग्ज. एकात एक अशी ही माहिती स्क्रिप्टच्या हाती कशी द्यायची, याचा निर्णय कुणी घेतलेलाच नव्हता. जसं जमलं तसं दिलं गेलं होतं.

स्क्रिप्टमधल्या ओळी अशा होत्या:

टप्पा = रेसिपी.टप्पे[२]
रेसिपी:जोड("थंड करणे")
टप्पा.तापमान = ८०

पहिल्या ओळीत स्क्रिप्टला मिळाला तो दुसऱ्या टप्प्याचा थेट मेमरीतला पत्ता. दुसऱ्या ओळीत यादी वाढली. ही यादी सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्ये होती, आणि जीसीसी कंपाइलरचा व्हेक्टर जागा संपली की दुप्पट जागा मागतो: एक, दोन, चार, आठ. टप्पे एकेक करून भरलेले, त्यामुळे चार झाले की जागा गच्च. पाचवा आला की सगळे टप्पे नव्या जागी हलतात आणि जुनी जागा सोडून दिली जाते. तिसरी ओळ मात्र जुन्याच पत्त्यावर ऐंशी लिहिते. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याचं पत्र त्याच दारात टाकावं, तसं. केटल नव्या जागेतलं जुनंच तापमान वाचत राहते. प्रोग्राम बंद पडत नाही, एररही येत नाही. सहाव्या, सातव्या, आठव्या टप्प्याला जागा शिल्लक असते, म्हणून तिथे काहीच दिसत नाही.

ॲड्रेस सॅनिटायझर लावून प्रोग्राम कंपाइल केला आणि हे उघडं पडलं. सोडलेली मेमरी कुठे वापरली आणि ती कुठे सोडली गेली, दोन्ही ठिकाणं तो दाखवतो. लुआला सी प्लस प्लसचा डेटा जोडणाऱ्या प्रत्येकाने टेस्टिंगच्या बिल्डमध्ये तो कायम चालू ठेवावा, असं मी कळकळीने सांगेन.

यावर पहिली सूचना आली की पत्ता नको, टप्प्याची कॉपी द्या. ती जास्त घातक आहे. रेसिपी.टप्पे[२].तापमान = ८० ही ओळ डोळ्यांना एक काम वाटते, पण लुआ तिथे तीनदा विचारणा करते: आधी टप्प्यांची यादी मागते, मग यादीतला दुसरा टप्पा, आणि शेवटी त्या टप्प्यावर तापमान लिहिते. मधल्या पायरीवर कॉपी हाती आली तर लिहिणं कॉपीवर होतं आणि कॉपी फेकली जाते. हे तर सॅनिटायझरलाही सापडत नाही, कारण मेमरीच्या दृष्टीने सगळं बरोबरच असतं.

मग करायचं काय? स्क्रिप्टला पत्ताही देऊ नका, कॉपीही देऊ नका, ओळख द्या. युजरडेटामध्ये (लुआच्या हाती दिलेल्या सी प्लस प्लसच्या वस्तूत) रेसिपीचा शेअर्ड पॉइंटर आणि टप्प्याचा कायमचा आयडी ठेवा, आणि वाचताना-लिहिताना दर वेळी त्या आयडीने टप्पा नव्याने शोधा. यादीतला क्रमांक आयडी म्हणून वापरू नका. कुणी मध्ये टप्पा घुसवला की दोन नंबर भलत्याचाच होतो. (शिवाय लुआ एकपासून मोजते आणि सी प्लस प्लस शून्यापासून. हा फरक एकाच फंक्शनमध्ये सांभाळा.) टप्पा काढून टाकलेला असेल तर "हा टप्पा आता रेसिपीत नाही" असं स्पष्ट सांगून स्क्रिप्ट थांबवा. नेटवर्कचे पॅकेट तपासणाऱ्या वायरशार्कमध्ये हेच केलंय: पॅकेटचं काम संपल्यावर स्क्रिप्टने त्याचा जपून ठेवलेला बफर वापरायला घेतला, तर तो मुदत संपल्याची एरर देतो.

दोन गोष्टींची गल्लत मी वारंवार पाहतो. युजरडेटाला जोडलेल्या युजर व्हॅल्यूत मूळ रेसिपी धरून ठेवली की गार्बेज कलेक्टर तिला उचलणार नाही, हे खरं. पण त्याने आतली यादी हलायची थांबत नाही. रेसिपी जिवंत राहणं आणि टप्पा जागेवर राहणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तसंच, शेअर्ड पॉइंटर युजरडेटात ठेवलात तर जीसी मेटामेथडमध्ये त्याचा डिस्ट्रक्टर स्वतः चालवा, नाहीतर रेसिपी कधीच सुटणार नाही. आणि सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर आली की लाँगजंप करते, म्हणजे वाटेतल्या स्ट्रिंगचे डिस्ट्रक्टर वगळले जाऊ शकतात. एरर टाकण्याआधी ते आवरून घ्या.

या केटलसाठी मात्र मी याहून साधा मार्ग घेतला, आणि लहान रेसिपीला तोच योग्य आहे असं माझं मत आहे. स्क्रिप्ट सुरू होताना पूर्ण रेसिपी साध्या लुआ टेबलात उतरवायची. स्क्रिप्टने त्यात हवे ते बदल करावेत. शेवटी सी प्लस प्लसने ते टेबल वाचायचं, तापमान आणि वेळ मर्यादेत आहेत का ते तपासायचं, आणि सगळं ठीक असेल तरच नवी रेसिपी एकदम लागू करायची. स्क्रिप्ट अर्ध्यात कोसळली तर आधीची रेसिपी जशीच्या तशी राहते. तापलेल्या मालाशी काम आहे, त्यामुळे अर्धवट बदललेली रेसिपी तिथे चालूच शकत नाही. हजारो नोंदींचा डेटा असेल, किंवा स्क्रिप्ट चालू असतानाच बदल दिसायला हवे असतील, तर आयडीची पद्धत घ्या. आणि दोन्हीपैकी कुठलीही घेतलीत तरी चाचणीत यादी चारावरून पाचावर आणि आठावरून नवावर नेऊन, आधी हाती घेतलेल्या टप्प्यावर लिहून बघा.