भुवई आणि तरुण चेहरा

भुवया खाली झुकलेल्या असल्या की चेहरा थकलेला किंवा रागीट भासतो. म्हणून विशीतील काही तरुण-तरुणी उपचारांचा विचार करतात. त्याआधी भुवईचे कार्य समजून घेणे इष्ट ठरेल.

कपाळाचा स्नायू भुवई वर उचलतो. डोळ्याभोवतालचा गोल स्नायू व आठ्या घालणारे स्नायू तिला खाली ओढतात. बोट्युलिनम नावाच्या विषाची अल्प मात्रा टोचून हे ओढणारे स्नायू सैल केले, की भुवई किंचित वर येते. परिणाम साधारण ३-४ महिने टिकतो. सुई चुकीच्या जागी गेल्यास भुवई वा पापणी उलट अधिकच उतरते. शस्त्रक्रियेचा परिणाम अधिक काळ टिकतो. पण व्रण राहतो. तरुणपणी भुवयांची ठेवण बहुधा आनुवंशिक असते. मात्र एकच भुवई एकाएकी उतरली, तर चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार संभवतो. तेव्हा विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

येथे ललिता पवार आठवतात. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचारांनंतरही डावा डोळा अधू राहिला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा व ‘रामायण’ मालिकेतील मंथरा त्यांनी त्याच चेहऱ्याने गाजवल्या.

उपचार घेण्यात गैर काही नाही. परंतु भुवई दृष्टीआड येते काय, आणि वारंवारचा खर्च झेपेल काय, हे दोन प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःस विचारावेत.